स्कॅन केलेला कागद सापडायलाही हवा: घरच्या कागदपत्रांची मांडणी, पायरीपायरीने

बाबा गेले त्या वर्षीच्या पावसाळ्यात आम्हाला आजोबांच्या नावाचं एक जुनं खरेदीखत हवं होतं. पोर्तुगीज भाषेतलं, १९५८ सालचं, चार पानी. जमिनीच्या म्युटेशनच्या, म्हणजे सरकारी नोंदीत मालकाचं नाव बदलण्याच्या, अर्जाला ते जोडायचं होतं. माळ्यावरची ट्रंक उतरवली, देवघराखालचं कपाट रिकामं केलं, काकांच्या घरी जाऊन आले. अकरा दिवस गेले. शेवटी कचेरीतून नक्कल काढली. पुढे दिवाळीत लॅपटॉपची सफाई करताना तेच खरेदीखत समोर आलं. चार वर्षांपूर्वी मीच ते स्कॅन केलं होतं. फाइलचं नाव होतं ‘स्कॅन००४७’ आणि ती पडली होती ‘नवीन फोल्डर (३)’ मध्ये.

मी गोव्यात डिचोली तालुक्यातल्या एका शाळेत ग्रंथपाल आहे. पुस्तक कपाटात एकाच जागी असतं, पण वाचक कधी लेखकाच्या नावाने येतो, कधी पुस्तकाच्या, कधी नुसत्या विषयाने, आणि तिन्ही वाटांनी त्याला ते मिळायला हवं. ग्रंथालयातलं सगळं काम याच्यासाठी चालतं. घरचे कागद मी तोवर नुसते साठवत होते, त्यांच्याकडे जायच्या वाटा केल्याच नव्हत्या. त्यानंतरच्या दोन वर्षांत सासर-माहेरचे मिळून आठशेच्या वर कागद लावले. ते कसे लावले, ते इथे क्रमाने सांगते.

स्कॅनर उघडण्याआधी एक वही घ्या

घरातल्या सगळ्यांना विचारा: गेल्या दोन-तीन वर्षांत कुठला कागद शोधावा लागला, आणि शोधताना तोंडात शब्द काय होते? उत्तरं आहेत तशी लिहून घ्या. आमच्या वहीत आलं ते असं: ‘आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद’, ‘लाइट बिल, नवं कनेक्शन घेतलं तेव्हाचं’, ‘वरच्या भाटाचा एक-चौदा’ (भाट म्हणजे बागायती जमीन, एक-चौदा म्हणजे जमिनीच्या हक्कांचा सरकारी उतारा), ‘धाकट्याचा पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला’, ‘फ्रिजची पावती’.

ही यादी नीट वाचली की दिसतं, माणसाला चारच गोष्टी आठवतात: कागद कोणाचा, कशाचा, साधारण कधीचा, आणि कुठल्या घराचा-जमिनीचा-वस्तूचा. कोणत्या कचेरीने दिला, कलम कुठलं, फॉर्मचा नंबर काय, हे फार थोड्यांच्या लक्षात राहतं. आपली सगळी मांडणी या चार गोष्टींवर उभी करायची. ही वही फेकू नका, पुढे सूची करताना तिचा पुन्हा उपयोग आहे.

कागद गोळा करणं

कागद उलगडून स्कॅन करायला जानेवारी ते मे हे महिने चांगले. गोव्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि जून ते सप्टेंबर कागद इतका सर्दावलेला असतो की घडी उलगडताना फाटतो. मात्र गोळा करायला सुरुवात चवथीला (गणेश चतुर्थीला) करा. मुंबई-पुण्याची भावंडं त्या चार दिवसांत घरी असतात आणि प्रत्येकाकडे काही ना काही कागद असतोच. मी दादाला आधीच फोन करून सांगितलं होतं, ‘येताना तुझ्याकडची बाबांची फाइल आण.’ त्या फाइलीत आई-बाबांच्या लग्नाच्या नोंदणीचा दाखला निघाला. तो आम्ही हरवला म्हणून सोडून दिला होता.

गोळा झाले की तीन ढीग करा. पहिला, मूळ कागद कायम जपायचा असे: जन्म, लग्न आणि मृत्यूचे दाखले, खरेदीखत, मृत्युपत्र, इन्व्हेंटरीचा (वारसांमधल्या वाटणीच्या दाव्याचा) निकाल, शिक्षणाची प्रमाणपत्रं, कागदी शेअर सर्टिफिकेटं. यांचं स्कॅन म्हणजे फक्त सोय, मूळ कागदाची जागा ते घेत नाही. माहिती तंत्रज्ञान कायदा मृत्युपत्राला लागूच होत नाही, म्हणजे ‘स्कॅन आहे ना’ म्हणून मूळ मृत्युपत्राकडे दुर्लक्ष करणं अंगाशी येऊ शकतं.

दुसरा ढीग मुदतीचा. आयकराचे कागद मी आठ वर्षं ठेवते. घर बांधल्याची, वाढवल्याची बिलं घर विकेपर्यंत आणि त्यानंतर आणखी आठ वर्षं, कारण विक्रीच्या वेळी भांडवली नफा काढताना तो खर्च दाखवावा लागतो. विम्याचे कागद पॉलिसी आणि तिच्यावरचा दावा मिटेपर्यंत. पंचायतीच्या घरपट्टीच्या पावत्या मात्र मी एकही टाकत नाही. घरात कोण, किती वर्षं राहत होतं हे दाखवायची वेळ आली की त्या कामी येतात, मुंडकाराच्या (दुसऱ्याच्या जमिनीवरच्या घरात राहणाऱ्याच्या) घराबाबत तर फारच.

तिसरा ढीग स्कॅन करून फाडायचा. तो तुम्हाला वाटतो त्यापेक्षा मोठा निघेल. फाडताना आधार, पॅन आणि खातेनंबर असलेले तुकडे वेगळे करून जाळा.

जुन्या कागदाशी वागताना

सेलोटेप लावू नका. काही वर्षांत तिचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. जुना कागद लॅमिनेट करू नका, ते परत काढता येत नाही. टाचण्या आणि स्टेपल काढा, गंज कागद खातो. बुरशी दिसली तर कागद सावलीत, वाऱ्यावर सुकवून मऊ ब्रशने घराबाहेर झटका, नाकाला रुमाल बांधून. ट्रंकेऐवजी घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा डबा आणि त्यात सिलिका जेलच्या पुड्या. पावसाळ्याआधी त्या बदला. डबा जमिनीला आणि भिंतीला टेकवू नका, वाळवी तिथूनच चढते.

स्कॅन

मोबाइल पुरतो. गूगल ड्राइव्हच्या ॲपमध्ये स्कॅनची सोय आहे, आयफोनच्या नोट्समध्येही आहे. मात्र साधा फोटो काढून ठेवू नका. स्कॅनमध्ये कडा सरळ होतात, सावली जाते आणि अनेक पानांची एकच पीडीएफ होते. कागद खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, गडद पाटावर किंवा चादरीवर ठेवला की कडा नीट ओळखल्या जातात. शंभराच्या वर कागद असतील तर कोणाकडून तरी सपाट स्कॅनर आठवडाभर मागून आणा. छापील मजकुराला ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके) पुरे. ए-फोर पानाचं तेवढ्यात साधारण २,४८० बाय ३,५०८ पिक्सेलचं चित्र येतं. बारीक हस्ताक्षर, फिकट शाई आणि जुने फोटो यांना ६००.

जुने कागद रंगीतच स्कॅन करा. काळ्या-पांढऱ्यात शाई आणि डाग एकसारखे दिसतात, शिक्का हरवतो. आणि पाठची बाजू विसरू नका. आमच्या त्या १९५८च्या खरेदीखताचं माझं पहिलं स्कॅन पुढच्या चार बाजूंचंच होतं. नोंदणीचा नंबर आणि पुस्तकाचं पान शेवटच्या पानाच्या पाठीवर, कोपऱ्यात, तपकिरी शाईत तिरपं लिहिलेलं होतं. कचेरीत हवी होती ती नेमकी तीच ओळ. तेव्हापासून कोरी पाठसुद्धा मी स्कॅन करते. ती कोरी आहे हेही पुढच्या माणसाला कळायला हवं.

ईसीजी, एटीएमची स्लिप, दुकानाची गुळगुळीत पावती, हे सगळं उष्णतेने छपाई होणाऱ्या कागदावर असतं आणि वर्षभरात पांढरं पडू लागतं. ते ज्या दिवशी हातात आलं त्याच दिवशी स्कॅन करा.

व्हॉट्सॲपवर कोणी कागदाचा फोटो पाठवत असेल तर ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव’ असं सांगा. फोटो म्हणून पाठवला की त्याचा आकार दाबला जातो आणि बारीक अक्षरं पुसट होतात.

एक वेगळी सूचना ई-कागदांसाठी. जी पीडीएफ मुळातच डिजिटल सही करून आलेली असते, तिची प्रिंट काढून पुन्हा स्कॅन करू नका. सही त्या फाइलमध्ये असते, कागदावर उमटते ते फक्त तिचं चित्र. आलेली फाइल तशीच्या तशी ठेवा.

फोल्डर थोडे, नावं नीट

माझ्याकडे वरच्या पातळीवर सातच फोल्डर आहेत: आवक, माणसं, घर-जमीन, पैसा-कर, आरोग्य, वाहन-वस्तू, वारसा. ‘माणसं’मध्ये प्रत्येकाचा एक, ‘घर-जमीन’मध्ये प्रत्येक मालमत्तेचा एक. तिसऱ्या पातळीच्या खाली मी उतरत नाही. फोल्डर फार झाले की एकच कागद दोन ठिकाणी बसण्याजोगा होतो आणि शोधताना पहिला अंदाज चुकला की माणूस हात टेकतो. नवीन आलेलं सगळं आधी ‘आवक’मध्ये, आणि शनिवारी संध्याकाळी ‘आवक’ रिकामी.

फाइलच्या नावाचा साचा एकच: तारीख, कोणाचं, काय, कशाचं. उदाहरणार्थ,

२०२४-०३-१८_आई_घरपट्टी-पावती_डिचोली-घर
१९५८-००-००_आजोबा_खरेदीखत_वरचं-भाट

तारीख वर्ष-महिना-दिवस अशीच लिहा. म्हणजे नावाच्या क्रमाने लावलं की काळाच्या क्रमाने आपोआप लागतं. ही तारीख कागदावरची, स्कॅन केल्याची नव्हे. महिना-दिवस माहीत नसेल तर शून्यं घाला, क्रम मोडत नाही. ‘नवीन’, ‘फायनल’, ‘बरोबर’ हे शब्द नावात घालू नका. जे आज नवीन आहे ते पुढच्या वर्षी जुनं होणार.

इथे मी नावं देवनागरीत दिली आहेत. माझ्या संगणकात ती रोमन अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत आहेत. देवनागरी फाइलनाव हल्ली सगळीकडे चालतं, पण घरातलं एक माणूस ‘पावती’ लिहितं, दुसरं ‘पावति’, आणि संगणकाला हे दोन वेगळे शब्द. देवनागरी आणि इंग्रजी आकडेही त्याच्या लेखी वेगळेच. काही पोर्टलं देवनागरी नावाची फाइल घेत नाहीत, हेही आहेच. तुमच्या घराला देवनागरी सोयीची असेल तर खुशाल वापरा, मात्र सरमिसळ नको. तिरपी रेघ (/), अपूर्णविराम (:), प्रश्नचिन्ह, तारा (*) ही चिन्हं विंडोज नावात घेत नाही.

जमिनीचे कागद: इथे वेळ काढा

गोव्यातल्या घरांत सर्वांत जास्त शोधाशोध जमिनीच्या कागदांची होते आणि त्याला कारण आहे. एकाच जमिनीला वेगवेगळ्या काळातली वेगवेगळी ओळख चिकटलेली असते. आज आपण ‘एक-चौदाचा उतारा’ काढतो तो गाव, सर्वे नंबर आणि पोटविभाग यांवरून. १९६८च्या जमीन महसूल कायद्याखाली सर्वे झाला, त्यानंतर हे नंबर आले. त्याआधीच्या कागदावर सर्वे नंबर शोधून सापडणार नाही. तिथे लँड रजिस्ट्रेशनचा नंबर असतो, मात्रीजचा (जुन्या करनोंदीचा) नंबर असतो, चतुःसीमा असतात, आणि जमिनीला चक्क स्वतःचं नाव असतं. शहरी सर्वेच्या भागात आणखी निराळं: तिथे प्लॉटचा चलता नंबर आणि नकाशाच्या पानाचा पी. टी. शीट नंबर.

त्यात स्पेलिंगची भर. डिचोली पोर्तुगीज वळणाने बिचोलिम, साखळी सांकेलिम, पेडणे पेर्नेम. आडनाव ‘नाईक’ जुन्या कागदावर क्यू-यू-ई लावून संपतं, ‘कामत’ सी अक्षराने सुरू होऊन ‘कामोतिम’ होतं, आणि पोर्तुगीजांनी ‘श’साठी एक्स वापरल्यामुळे ‘शंकर’ शोधायला एक्सकडे जावं लागतं. धारबांदोडा तालुका अलीकडचा, त्यामुळे तिथल्या कित्येक गावांच्या जुन्या कागदांवर तालुका सांगे असतो.

यावर उपाय म्हणून मी प्रत्येक मालमत्तेचं एकपानी ओळखपत्र केलं आणि त्या फोल्डरमध्ये सगळ्यात वर दिसेल असं ठेवलं. त्यात काय काय आहे ते सांगते: जमिनीचं घरात चालणारं नाव आणि जुन्या कागदावरचं नाव, गाव आणि तालुका त्यांच्या सगळ्या स्पेलिंगांसह, सर्वे नंबर व पोटविभाग किंवा चलता आणि शीट नंबर, लँड रजिस्ट्रेशन नंबर, मात्रीज नंबर, क्षेत्रफळ, चतुःसीमा, उताऱ्यावर आज कोणाकोणाची नावं आहेत, कूळ-मुंडकाराची नोंद, आणि शेवटी आपल्या नावापर्यंत मालकी कशी आली त्याची साखळी. प्रत्येक दुव्यापुढे त्या कागदाचा क्रमांक (तो कसा द्यायचा ते पुढे सूचीच्या भागात). आमच्या ‘वरच्या भाटा’च्या साखळीत मधला एक दुवाच नव्हता. आजोबांच्या मृत्यूनंतरच्या इन्व्हेंटरीचा निकाल कोणी आणलाच नव्हता. हे ओळखपत्र लिहायला बसले म्हणून ते कळलं, नाहीतर पुढच्या पिढीला कचेरीच्या खिडकीवर कळलं असतं.

लग्नाच्या नोंदणीचा दाखलाही इथे हवा. गोव्याच्या कायद्यात नवरा-बायकोची मालमत्ता सहसा सामाईक धरतात आणि जमीन विकताना दोघांच्याही सह्या लागतात, त्यामुळे हा कागद ‘माणसं’मधला आणि ‘घर-जमीन’मधलाही. त्याच्या दोन प्रती करू नका. फाइल एकाच जागी ठेवा, दुसऱ्या ठिकाणी तिचा शॉर्टकट द्या. दोन प्रती झाल्या की एक सुधारते आणि दुसरी जुनीच राहते.

आणि वर्षातून एकदा, मी ते एप्रिलमध्ये करते, आपल्या प्रत्येक सर्वे नंबरचा एक-चौदा ऑनलाइन काढून तारखेसह साठवा आणि गेल्या वर्षीच्याशी ताडून पाहा. नावं तीच आहेत ना, इतर हक्कांच्या रकान्यात नवीन काही आलं नाही ना. बनावट कागद करून जमिनी हडपण्याची प्रकरणं इतकी वाढली की २०२२ मध्ये राज्य सरकारला त्यासाठी विशेष तपास पथक नेमावं लागलं. परगावी राहणाऱ्या, घर बंद असलेल्या माणसांनी तर हे चुकवूच नये. कचेरीतल्या कामासाठी प्रमाणित प्रत काढली असेल तर तीही स्कॅन करून त्याच ओळीत ठेवा.

सूची: सगळ्यात कामाची गोष्ट

ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाला दाखल क्रमांक मिळतो. आलं त्या क्रमाने एक, दोन, तीन. विषय कुठलाही असो. घरच्या मूळ कागदांना मी हेच केलं. प्रत्येक कागद प्लॅस्टिकच्या पारदर्शक पाकिटात, पाकिटाच्या कोपऱ्यावर क्रमांकाची चिठ्ठी. कागदावर स्वतः काही लिहायचं नाही. पाकिटं डब्यात नुसती क्रमांकाने उभी. डब्यात विषयवार कप्पे नाहीत, त्यामुळे ‘हे कुठल्या कप्प्यात घालू’ हा प्रश्नच उरत नाही. वर्गवारीचं काम सूची करते.

सूची म्हणजे एक्सेल किंवा गूगल शीटमधला एक तक्ता. रकाने हे: क्रमांक, तारीख, कोणाचं, काय, कुठल्या मालमत्तेचं किंवा वस्तूचं, इतर नावं, फाइलचं नाव, मूळ कागद कुठे, मुदत, शेरा. ‘मूळ कागद कुठे’ यात डब्याचं नाव, बँकेचा लॉकर, किंवा ‘कर्जासाठी बँकेत जमा’ असं स्पष्ट लिहा. कोणाला मूळ कागद दिला तर त्याच दिवशी शेऱ्यात नाव आणि तारीख.

‘इतर नावं’ हा रकाना मी नंतर वाढवला. सगळं लावून झाल्यावर वहिनीला बसवून म्हटलं, ‘वहिनी, नवं मीटर घेतलं तेव्हाचं लाइट बिल काढून दाखवा.’ तिने ‘लाइट’ टाकलं. काहीच आलं नाही. मी नाव ठेवलं होतं ‘वीज-देयक’. मग सुरुवातीची ती वही काढली आणि घरातल्या तोंडचे सगळे शब्द या रकान्यात भरले: लाइट बिल, वीज, करंट, मीटर. एक-चौदा, उतारा, फॉर्म वन-फोर्टीन. दाखला, सर्टिफिकेट. जुन्या स्पेलिंगांची जागाही हीच. तुमच्या घरात ज्याने हे काम केलेलं नाही अशा माणसाला पाच कागद शोधायला द्या. दोन मिनिटांत जो मिळाला नाही, त्याच्या ओळीत त्या माणसाने टाइप केलेला शब्द घाला. मी हे चार जणांवर करून पाहिलं, आणि प्रत्येकाकडून नवे शब्द मिळाले.

मुदतीच्या रकान्यावरून मोबाइलच्या कॅलेंडरात आठवणी लावा. वाहनाचा विमा आणि पीयूसी महिनाभर आधी, पासपोर्ट वर्षभर आधी.

मजकुरातून शोध

स्कॅन हे चित्र असतं, त्यातली अक्षरं संगणकाला वाचता येत नाहीत. ती वाचण्याच्या तंत्राला ओसीआर म्हणतात. नॅप्स-टू हा मोफत प्रोग्राम टेसरॅक्ट हे ओसीआरचं इंजिन वापरतो आणि त्यात मराठी व पोर्तुगीज दोन्ही भाषा उतरवून घेता येतात. स्कॅन करताना भाषा निवडली की शोधता येणारी पीडीएफ तयार होते. सेव्ह करताना पीडीएफ-ए हा प्रकार दिसला तर तो घ्या, दीर्घकाळ साठवणुकीसाठी ठरवलेलं ते प्रमाण आहे. गूगल ड्राइव्हवर टाकलेल्या स्कॅनमधला मजकूरही शोधात येतो.

पण ओसीआरवर विसंबू नका. स्वच्छ छापील मराठीत ते बरं चालतं. शिक्क्याखालचं, कार्बन प्रतीवरचं आणि हाताने लिहिलेलं वाचताना चुकतं. मोडीत लिहिलेले जुने हिशेब आणि देवळाचे कागद तर बाजूलाच राहतात. अशा कागदांसाठी तीन-चार ओळींचा सारांश स्वतः लिहून सूचीच्या शेऱ्यात घाला. आमच्या पोर्तुगीज खरेदीखताचा सारांश मी ओळखीच्या एका वयस्क वकिलांकडून सांगून घेतला आणि ते बोलत असतानाच टाइप केला. ती भाषा वाचणारी माणसं आता कमी होत चालली आहेत. तुमच्या ओळखीचं कोणी असेल तर हे काम सगळ्यात आधी करा.

डिजिलॉकर

डिजिलॉकर हे २०१५ पासून सुरू असलेलं सरकारी ॲप प्रत्येकाच्या स्वतःच्या मोबाइलवर उघडा. एक फरक मात्र नीट समजून घ्या. ज्या खात्याने कागद दिला त्यानेच थेट डिजिलॉकरमध्ये पाठवलेला, म्हणजे ‘इश्यूड’ विभागातला कागद, २०१६च्या नियमांप्रमाणे मूळ कागदाच्या बरोबरीचा. आपण स्कॅन करून तिथे चढवलेला नुसता आपला स्कॅन. वाहन परवाना, आरसी, पॅन, आधार हे पहिल्या प्रकारे घ्या. जमिनीच्या जुन्या कागदांना मात्र आपलीच व्यवस्था.

आधारची प्रत कुठे द्यायची असेल आणि पूर्ण नंबराची गरज नसेल तर मास्क्ड आधार द्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. आधारची उतरवलेली पीडीएफ पासवर्डने बंद असते: नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. बँकेच्या विवरणांचेही असे आपापले साचे असतात. ते सूचीत लिहू नका, पासवर्ड मॅनेजरमध्ये (पासवर्ड कुलूपबंद साठवणाऱ्या ॲपमध्ये) ठेवा.

प्रती, कुलूप आणि आपल्यानंतरचे

तीन प्रती, दोन वेगळ्या साधनांवर, एक घराबाहेर, हा नियम धरा. माझी एक प्रत लॅपटॉपवर, एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, एक गूगल ड्राइव्हवर. मोफत मिळणाऱ्या १५ जीबीत घरचे कागद आरामात मावतात, मात्र ती जागा जीमेल आणि फोटोंसकट असते. ड्राइव्हशी आपोआप जुळणारा फोल्डर म्हणजे बॅकअप नव्हे: लॅपटॉपवर चुकून पुसलं की तिथेही पुसलं जातं आणि कचऱ्याच्या डब्यात ३० दिवसच राहतं. हार्ड डिस्क म्हणूनच हवी, महिन्यातून एकदा जोडून पुन्हा काढून ठेवलेली. पेनड्राइव्हवर भरवसा ठेवू नका. आणि सहा महिन्यांतून एकदा डिस्कवरून कुठल्याही दहा फाइली उघडून पाहा.

ओळखपत्रं आणि पैशांचे कागद उघडे ठेवू नका. सेव्हन-झिप या प्रोग्रामने फाइलींना पासवर्ड घालून एईएस-२५६ या पद्धतीचं पक्कं कुलूप लावता येतं, किंवा व्हेराक्रिप्ट या प्रोग्रामने तिजोरी करा. गूगल खात्याला दोन टप्प्यांची पडताळणी लावाच.

मग प्रश्न येतो की आपण नसताना हे सगळं उघडणार कोण. गूगलमध्ये निष्क्रिय खात्यासाठी विश्वासातल्या व्यक्तीचं नाव देण्याची सोय आहे. ठरवलेले महिने खातं वापरलं गेलं नाही तर त्या व्यक्तीला कळवलं जातं. ते आजच भरा, कारण दोन वर्षं न वापरलेलं खातं गूगल पुसून टाकू शकतं.

त्याशिवाय आमच्या देवघराच्या ड्रॉवरमध्ये एक बंद पाकीट आहे. आत एकच पान: लॅपटॉप कसा उघडायचा, पासवर्ड मॅनेजरचा मुख्य पासवर्ड, हार्ड डिस्क आणि डबा कुठे आहे, सूचीची फाइल कुठली, आणि लॉकरची बँक. सूचीची छापील प्रत डब्याच्या झाकणाच्या आत चिकटवली आहे, वीज नसली तरी क्रमांकावरून कागद काढता यावा म्हणून. दर चवथीला दादा आला की आम्ही दोघं आईसमोर ते पाकीट फोडतो, वर्षभरात बदललेलं बदलतो, नवं पान घालून पुन्हा चिकटवतो आणि पाकिटावर त्या दिवसाची तारीख टाकतो.